खानदेशातील परसातील कोंबडी : तीनदा रिकामे झालेले खुराडे

प्रस्तावना

खानदेशाच्या आर्थिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापूस, केळी, रेल्वे आणि सावकारी या विषयांभोवती झालेले आहे. पशुधनाचा उल्लेख आला तर तो बैलाचा येतो. कारण बैल शेतसाऱ्याशी, गहाणखताशी आणि जप्तीच्या कागदाशी जोडलेला असतो. सावकाराच्या वहीत, मामलेदाराच्या दफ्तरात, दुष्काळाच्या अहवालात बैल सापडतो. कोंबडी सापडत नाही. तिच्यावर सारा नव्हता, तिच्यावर कोणी कर्ज दिले नाही आणि तिच्या मालकीवरून कोणी दिवाणी दावा लावला नाही. दहा-बारा कोंबड्यांचे ते लहानसे विश्व घराच्या मागील परसात सुरू होऊन तिथेच संपत असे आणि ते सांभाळणाऱ्या स्त्रीलाही दफ्तरात फारसे स्थान नव्हते.

परंतु विसाव्या शतकाच्या आरंभापासून आजपर्यंतच्या काळाकडे पाहिले असता एक विलक्षण बाब लक्षात येते. कोंबडी नोंदीत येते ती ती घरातून नाहीशी होते तेव्हा. खानदेश व त्याच्या पश्चिम सीमेवरील आदिवासी पट्ट्यात खुराडी सामूहिकरीत्या रिकामी होण्याचे तीन प्रसंग आढळतात. १९२२-२३ मध्ये देवीच्या आज्ञेने, १९३७-३८ च्या सुमारास एका संताच्या उपदेशाने आणि २००६ मध्ये शासनाच्या आदेशाने. प्रस्तुत लेखात या तीन प्रसंगांच्या आधारे परसातील कोंबडीचे घरगुती अर्थकारण समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्रत्येक वेळी ती घालवणाऱ्याने तिच्याकडे एकाच दृष्टीने पाहिले, कधी दोष म्हणून तर कधी रोग म्हणून. घरात मात्र ती एकाच वेळी अनेक गोष्टी होती. तिच्या जाण्याची भरपाई का होऊ शकली नाही, याचे उत्तर या अंतरात आहे.

प्रदेशाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ते जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. त्यामुळे नवापूर, तळोदा, अक्राणी यांचा निर्देश येथे पश्चिम खानदेश म्हणूनच केलेला आहे.

परसातील व्यवहार

गावरान कोंबडी वर्षाकाठी साधारणपणे पन्नास-साठ अंडी देते. पिंजऱ्यातील संकरित कोंबडी तीनशेच्या आसपास अंडी देते, हे ध्यानात घेतले की पशुसंवर्धनाच्या पाठ्यपुस्तकांत गावरान पक्ष्याला 'अल्प उत्पादक' का म्हटले जाते ते कळते. पण हा हिशेब अंड्यांचा झाला, घराचा नव्हे. घरातील हिशेब निराळ्या रीतीने चालतो.

कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. कारखानदारी कुक्कुटपालनात खुडूक होणे हा दोष मानला जातो व निवडपैदाशीने तो काढून टाकला जातो. परसात मात्र सगळी मदार या गुणावरच असते. घरची बाई टोपलीत भुसा किंवा राख घालून तिला अंड्यांवर बसवते आणि एकवीस दिवस मोजते. अनेक घरांत त्या टोपलीत एखादा लोखंडाचा तुकडा वा कोळसा ठेवण्याची चाल आहे. विजेच्या कडकडाटाने अंडी निकामी होऊ नयेत, हा त्यामागील समज. अठरा-एकोणीस दिवसांनंतर अंडे कानाशी धरून आतील टकटक ऐकणे, पहिले कवच फुटल्यावर शेजारच्या मुलांनी भोवती गोळा होणे, ओली पिल्ले तासाभरात पिसांचे गोळे होऊन आईच्या पंखाखालून डोकी बाहेर काढणे, हा सोहळा ज्याने घरी पाहिला आहे त्याला त्याचे वर्णन सांगावे लागत नाही. दिवसभर शेतावर राबणाऱ्या घरात निव्वळ कौतुकाने पाहण्याजोग्या गोष्टी थोड्याच असतात आणि त्यांपैकी ही एक होय. इतिहासलेखनात आनंदाला जागा कमी मिळते, पण माणसे एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा का करतात याचे स्पष्टीकरण देताना तो वगळून चालत नाही.

निघालेल्या दहा पिल्लांपैकी तीन-चार मोठी झाली तरी घर समाधान मानते. उरलेली घार, मुंगूस, रानमांजर, गावचे कुत्रे आणि पाऊस यांच्या वाट्याला जातात. खानदेशात यात उन्हाळ्याची भर पडते. तापी खोऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. तेव्हा अंडी उबण्याऐवजी नासतात आणि मोठे पक्षी चोच उघडी ठेवून रांजणाच्या ओलीपाशी धापा टाकत बसतात. म्हणून जाणती बाई उन्हाळ्यातील खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसू देत नाही. तिला पाण्यात बुडवून काढते किंवा डालग्याखाली एक-दोन दिवस कोंडून तिची खोड मोडते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात कण्या आणि वाळवी लागते. शेण-काडीकचरा भरलेले मडके ओल्या जागी पालथे घालून दुसऱ्या दिवशी त्यात जमलेली वाळवी पिल्लांपुढे झटकणे ही युक्ती दख्खनभर ठाऊक आहे आणि तिला पैसा लागत नाही. मोठ्या कोंबड्यांचे खाणे उकिरड्यावर, खळ्यावर आणि चुलीपुढच्या सांडलवंडीवर भागते. म्हणजे घराने टाकून दिलेल्या वस्तूंचे अंड्यात व मांसात रूपांतर होते. पन्नास-साठ अंड्यांच्या आकड्याला अर्थ येतो तो या जवळजवळ शून्य खर्चाच्या संदर्भात.

या व्यवहाराची किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते. उन्हाळ्यात अंगणोअंगणी वाळत घातलेले पापड, कुरडया आणि डाळी यांवर कोंबड्यांची झडप पडली की दोन शेजारणींत वादाला तोंड फुटते. ज्या गावांत लेवा पाटीदार, गुजर अशा बहुतांशी शाकाहारी समाजांची वस्ती मोठी आहे, तिथे कोंबडी ही वस्तीची खूणच ठरते; ती कोणत्या गल्लीत फिरते यावरून तिथे कोणाची घरे आहेत ते कळते. कोंबडीने ओलांडलेली वेस ही पुष्कळदा जातीची वेस असते. भांडण कोंबडीचे असले तरी त्यात बोलले जाणारे शब्द कोंबडीपुरते राहत नाहीत.

आणि तरीही ती पाळली जाते, कारण तिचे मोल सुटे आहे. बैल विकला तर पूर्ण विकावा लागतो. शेळी विकायला घरधन्याला विचारावे लागते. पण अंडी आणि तलंग बाई आठवडी बाजारात स्वतः नेते आणि आलेला पैसा स्वतःच्या कनवटीला लावते. मीठ, मिरची, मुलाची पाटी, दवाखान्याची फेरी, भावासाठी भाड्याचे पैसे असे खर्च यातून भागतात आणि त्यांचा जाब सहसा कोणी विचारत नाही. लेकीला सासरी जाताना दोन तलंगा देणे, गरजू नातलगाला कोंबडी अर्धेलीने देऊन पिल्ले वाटून घेणे, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी कोंबडा कापणे, या देवघेवीत नातीही सांभाळली जातात. सातपुड्यातील भिल्ल व पावरा, तसेच साक्री-नवापूरकडील कोकणा व मावची समाजांत तर कोंबडी देवकार्याला अनिवार्य आहे. डोंगऱ्यादेव, वाघदेव, इंदल या विधींत तिचा मान आहे, आणि नवस फेडताना पक्ष्याचा रंगही पाहिला जातो. बाजारात धष्टपुष्ट पांढऱ्या ब्रॉयलरला ही जागा घेता येत नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो.

या सुट्या, चालत्या-बोलत्या संपत्तीवर दुबळ्यांपेक्षा बलिष्ठांचा डोळा असणे स्वाभाविक होते. डी. सिमिंग्टन यांनी १९३८-३९ मध्ये मुंबई प्रांतातील अंशतः वगळलेल्या क्षेत्रांतील आदिवासींविषयी जो अहवाल दिला, त्यात पश्चिम खानदेशाचाही समावेश होता आणि सावकार, दारूविक्रेते व कनिष्ठ सरकारी नोकर यांच्याकडून होणाऱ्या पिळवणुकीचे चित्र त्यांनी रेखाटले होते. शिपाई वा रखवालदार पाड्यावर आला की कोंबडा द्यावा लागणे हा या पिळवणुकीचा सर्वांना परिचित प्रकार होता. पावती नसलेली ही वसुली कोणत्याच जमाखर्चात दाखल झाली नाही.

देवीची आज्ञा आणि संताचा उपदेश

१९२२ च्या उत्तरार्धात पालघर किनाऱ्याकडील कोळी वस्त्यांतून निघालेला एक देवीचा संचार डोंगराळ भागातून डांग व सुरत जिल्ह्यात पोहोचला. सालाबाई नावाची ही देवी अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून आज्ञा देई. दारू व ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा, पारशी दारूवाल्यांकडे मजुरीला जाऊ नका, असा त्या आज्ञांचा आशय होता. डेव्हिड हार्डिमन यांनी 'द कमिंग ऑफ द देवी' (१९८७) या ग्रंथात या चळवळीचा सविस्तर अभ्यास केलेला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आज्ञा अशी की खाण्यासाठी पाळलेली जनावरे, म्हणजे कोंबड्या, शेळ्या, मेंढ्या, घरातून काढून टाकावीत. लोकांनी कोंबड्या मिळेल त्या भावाने विकल्या किंवा रानात सोडून दिल्या. सोनगड-व्यारा हा पट्टा नवापूरला अगदी लागून आहे. राज्याची सीमा तेव्हा तिथे नव्हती. गायकवाडी मुलूख आणि ब्रिटिश खानदेश एवढाच भेद होता आणि सोयरीक, बाजार व देव यांना तो मान्य नव्हता.

या घटनेचा अर्थ लावताना केवळ 'शुद्धीकरण' किंवा उच्चवर्णीयांचे अनुकरण एवढ्यावर थांबणे प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. ज्या वस्तूमुळे शिपाई, दारूवाला आणि सावकार घरापर्यंत पोहोचत होते, त्या वस्तू घराबाहेर काढण्याचा एक व्यवहारी भागही त्यात असावा. परंतु त्याचा भार कोणावर पडला? दारू सोडल्याने पुरुषाच्या हातात पैसा उरला. कोंबडी सोडल्याने बाईच्या हातचा पैसा गेला. चळवळीच्या इतिहासात पहिल्या परिणामाची नोंद ठळकपणे होते, दुसऱ्याची होत नाही. पुढे या भागात वर्ज्य पाळणारे 'वरजेला' आणि पूर्ववत खाणारे-पिणारे 'सरजेला' असे दोन तट पडले. या तटांचा संबंध श्रद्धेशी जोडला जातो तो योग्यच आहे, पण दुसऱ्या तटाच्या घरी पुन्हा खुराडे बांधले जाताना बाजारहाटाचा विचारही झाला असेल.

दुसरा प्रसंग प्रत्यक्ष पश्चिम खानदेशातला. तळोदा भागातील मोरवड येथील गुलाम महाराज या भिल्ल संताभोवती १९३७-३८ मध्ये हजारोंचा समुदाय जमू लागला. स्नान, आरती, दारू व मांसाचा त्याग आणि परस्परांना 'आप' म्हणून संबोधणे ही त्यांच्या पंथाची लक्षणे होती. 'आप' हा आदरार्थी शब्द भिल्लाने भिल्लाला उद्देशून वापरणे ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले आणि बंधू रामदास महाराजांनी कार्य पुढे चालवले. येथे कोंबड्या सोडण्याची स्वतंत्र आज्ञा महत्त्वाची नाही. मांस वर्ज्य झाले आणि देवाला बळी देणे थांबले की कोंबडी पाळण्याची दोन मोठी प्रयोजने आपोआप संपतात. आजही या भागात माळकरी घर कोणते हे ओळखायला परसाकडे पाहणे पुरते. ही माणसे स्वेच्छेने कोंबडीविना राहिली आणि त्या त्यागातून त्यांना मान मिळाला. शेवटच्या प्रसंगात नेमका हाच भाग नव्हता.

पिंजऱ्यांचे नवापूर

स्वातंत्र्योत्तर काळात कुक्कुटपालन शास्त्रीय व व्यापारी झाले, हा इतिहास सुपरिचित आहे. परदेशी वंशाच्या कोंबड्या, १९७० नंतर वाढलेल्या खासगी हॅचऱ्या, १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती हे त्यातील टप्पे होत. पश्चिम खानदेशात याचे केंद्र नवापूर झाले. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील हे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. सुरतची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आणि मजूर स्वस्त, त्यामुळे हजारो पक्ष्यांच्या लांबच लांब शेड तिथे उभ्या राहिल्या. त्या शेडच्या सभोवार असलेल्या पाड्यांवर पूर्वीप्रमाणेच पाच-दहा गावरान कोंबड्या फिरत होत्या. एकाच पक्ष्याची ही दोन विश्वे शेजारी शेजारी नांदत होती. मात्र एकाची दुखणी दुसऱ्याला भोवण्यास कुंपण आडवे येत नव्हते.

२००६

जानेवारी २००६ च्या अखेरीस नवापूरच्या शेडमध्ये पक्षी मोठ्या संख्येने मरू लागले. प्रारंभी तो 'राणीखेत' असावा असे समजण्यात आले. या समजाला दोष देता येत नाही. राणीखेत हा परसातील कोंबडीचा जुना वैरी. कुमाऊंमधील राणीखेतवरून त्याला हे नाव पडले असले तरी खेड्यात तो 'मानमोडी' म्हणून ओळखला जातो, कारण त्यात पक्ष्याची मान पिळवटते. एका रात्रीत पाड्यावरील सगळी खुराडी ओस पडण्याचा अनुभव अनेक घरांनी एकदा तरी घेतलेला असतो. योगायोग असा की १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही महाराष्ट्रात 'मानमोडी' हेच नाव पडले होते. त्या साथीत मुंबई प्रांतात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली आणि तिच्या विषाणूचे पक्ष्यांतील विषाणूंशी निकटचे नाते असल्याचे संशोधन २००५ मध्ये, म्हणजे नवापूरच्या घटनेपूर्वी काही महिनेच, प्रसिद्ध झाले होते.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेच्या तपासणीवरून नवापूरमधील रोग एच५एन१ बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातील ही पहिली नोंद होय. दुसऱ्या दिवसापासून तीन किलोमीटर त्रिज्येतील पक्षी मारण्यास प्रारंभ झाला. पांढरे संरक्षक पोशाख, चष्मे व मुखपट्ट्या घातलेली पथके, चुन्याने भरलेले खड्डे आणि बंद पडलेले अंड्यांचे ट्रक ही दृश्ये देशभर दाखवली गेली. लगतच्या सुरत जिल्ह्यातील उच्छल तालुक्यातही हेच घडले.

नवापूरची चर्चा खूप झाली आहे. जळगावची फारशी झालेली नाही, आणि परसातील कोंबडीचा खरा प्रश्न तिथेच उभा राहिला. १४ मार्च २००६ रोजी जळगाव जिल्ह्यातील मारूळ, हातेड, साळवा आणि सावदा या गावांत एच५एन१ असल्याचे स्पष्ट झाले. इथे लांब शेड नव्हत्या. यावल, चोपडा, धरणगाव, रावेर या तालुक्यांतील ही गावे केळी, कापूस व ज्वारीची. रोग सापडला तो घरोघरच्या, परसातल्या पक्ष्यांत. पुढे ही साथ सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातही आढळली. विषाणू स्थलांतरित पक्ष्यांमुळे आला की कोंबड्यांच्या व्यापारामुळे, यावर तज्ज्ञांत वाद झाले. तो विषय पशुवैद्यकाचा असल्याने येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही, ही मोठी दिलासा देणारी बाब होती.

पक्षी मारणे आवश्यक होते का? त्या वेळी उपलब्ध ज्ञानाच्या आधारे होय असेच उत्तर द्यावे लागेल. आग्नेय आशियात या विषाणूने माणसे दगावत होती आणि रोगाचा प्रसार थांबवण्याचा अन्य खात्रीचा मार्ग नव्हता. प्रश्न मारण्याच्या निर्णयाचा नसून मोजण्याच्या पद्धतीचा आहे. शेडमध्ये पक्ष्यांची नोंदवही असते. किती पक्षी आले, किती मेले, किती उरले हे त्यात सापडते. परसातील कोंबडीची वही नाही. ती मालकिणीच्या डोळ्यांत असते. रोज सांजेला खुराड्याचे दार लावताना ती 'ठिपकीची आली, लंगडी आली, काळी नाही' अशी मोजणी करते. पथक दिवसा येते, तेव्हा कोंबड्या उकिरड्यावर, केळीच्या बागेत, शेजारच्या गोठ्यात पांगलेल्या असतात. त्यांना पकडून देणे घरातल्यांनाच जमते. आपण हाक मारल्यावर जवळ येणारी कोंबडी 'ती ती ती' करून बोलवायची आणि पथकाच्या हाती द्यायची, हे काम त्या आठवड्यांत ज्यांच्या वाट्याला आले त्या बहुतांशी बाया आणि पोरे होती. शेडच्या मालकाला असे करावे लागत नाही.

भरपाईचे तत्त्व पक्ष्याच्या प्रकारावर आणि वयावर बेतलेले होते. मोठ्या पक्ष्याला अमुक, पिल्लाला तमुक. व्यापारी पक्ष्याच्या बाबतीत हे तर्काला धरून आहे, कारण तो खरोखरच अमुक वयाचा व अमुक वजनाचा माल असतो. परंतु खुडूक बसलेली, पंखाखाली बारा अंडी असलेली कोंबडी कोणत्या रकान्यात घालायची? ती अंडी तीन आठवड्यांनी पिल्ले होणार होती, त्यांतील दोन-तीन तलंगा सहा महिन्यांनी स्वतः अंडी देणार होत्या. अर्धेलीने आणलेल्या कोंबडीची भरपाई कोणाची, जिच्या दारात ती फिरते तिची की जिची मूळ कोंबडी तिची? नवसासाठी राखून ठेवलेल्या लाल कोंबड्याची किंमत बाजारभावात कशी सांगायची? या प्रश्नांना रकाने नव्हते. शिवाय रोग जाहीर होण्यापूर्वीच जे पक्षी मेले त्यांची भरपाई मिळत नाही. ज्याच्या घरी आधी साथ आली त्याचे नुकसान अधिक आणि मोबदला कमी, असा त्याचा परिणाम होतो. शेवटी रक्कम येते ती बहुधा कुटुंबप्रमुखाच्या हाती. कोंबडी बाईची होती, पैसा पुरुषाचा झाला. कागदावर हा व्यवहार पूर्ण न्याय्य दिसतो.

जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हीच साथ प्रामुख्याने परसातील पक्ष्यांत पसरली आणि सुमारे चाळीस लाख पक्षी मारावे लागले, तेव्हा लोकांनी कोंबड्या लपवल्याच्या, पथकांना विरोध केल्याच्या बातम्या आल्या. त्यांकडे अज्ञान म्हणून पाहिले गेले. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे लपवणाऱ्यालाही ठाऊक असते. पण ज्या घरात पथक आजच येणार आणि विषाणू कदाचित येणारच नाही, तिथे कोंबडी डालग्याखाली झाकणे हा अज्ञानापेक्षा हिशेबाचा भाग अधिक असतो.

खुराडे पुन्हा भरताना

ऑगस्ट २००६ मध्ये भारताने रोगमुक्तीची घोषणा केली. शेडवाल्यांनी कर्जे काढून, हॅचरीतून एक दिवसाची पिल्ले आणून पुन्हा सुरुवात केली. परसात असे करता येत नाही. हॅचरीचे पिल्लू आईविना वाढते. त्याला घारीची सावली कळत नाही, ते झाडावर वा माळ्यावर चढत नाही आणि मोठे झाल्यावर बहुधा खुडूकही बसत नाही. म्हणून गावरान कोंबडी गावरान कोंबडीपासूनच मिळवावी लागते, आणि त्यासाठी साथीच्या वर्तुळाबाहेर कोणीतरी नातलग असावा लागतो. ज्या देवघेवीने पूर्वी नाती सांभाळली, तिचाच आधार अशा वेळी उरतो.

दरम्यान संशोधन संस्थांनीही परसाकडे लक्ष वळवलेले आहे. हैदराबाद येथे विकसित झालेली वनराजा व ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराजा हे पक्ष रंगीत पिसांचे, काटक आणि गावरानापेक्षा दुपटीहून अधिक अंडी देणारे आहेत. शेजारच्या झाबुआतील भिल्ल-भिलालांनी जपलेल्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या भावाने काही काळ भल्याभल्यांचे डोळे दिपले. विसाव्या पशुगणनेनुसार २०१९ मध्ये देशातील ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातील होते. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ सुमारे ४६ टक्के होती, तर व्यापारी पक्ष्यांची वाढ जेमतेम साडेचार टक्के. ज्या व्यवहाराला मावळता म्हणून गृहीत धरले गेले त्याची ही स्थिती आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरमध्ये बर्ड फ्लू पुन्हा आला, पुन्हा लाखोंनी पक्षी मारले गेले. आणि मोजण्याच्या पद्धतीचा प्रश्न जसा होता तसाच पुढे आला.

या सर्वांत परसातील बाईची रोजची चिंता बर्ड फ्लूची नसून मानमोडीचीच आहे. राणीखेतची लस स्वस्त आहे, चांगली आहे, पण तिची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, ती बर्फात न्यावी लागते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही, कारण उरलेली लस ओतून द्यावी लागते. ज्या पाड्यांवर बचत गटांनी हे काम हाती घेतले, तिथे सोय अशी निघते की तालुक्याच्या गावाहून थर्मासमध्ये लस संध्याकाळी आणायची, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर कंदील घेऊन घरोघर फिरायचे आणि प्रत्येकीने आपापला पक्षी धरून त्याच्या डोळ्यात वा नाकात एक थेंब सोडायचा. थेंब सोडताना पक्षी मोजले जातात आणि ती संख्या गटाच्या वहीत, बाईच्या नावापुढे, लिहिली जाते.